पडद्यावरची अत्तराची कुपी

बोलपटाला रूप आहे, स्वर आहे. परंतु गंध नाही. नाटकगृहात पुढच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला नटाच्या वस्त्रांवरील अत्तराचा दरवळ क्वचित जाणवू शकतो. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळी उंची शालू आणि उंची अत्तरे यांवर होणाऱ्या सढळ खर्चाच्या कथा जुन्या रसिकांच्या तोंडी कित्येक वर्षे होत्या. चित्रपटगृहात मात्र ही सोय नाही. पडद्यावरील नायिकेने कानामागे अत्तराचे बोट फिरविले, तरी प्रेक्षकाला शेजारच्या माणसाच्या खिशातील भाजलेल्या शेंगांचाच वास यावयाचा!

असे असूनही चित्रपटात अत्तराच्या कुप्या, पावडरीचे डबे, ओठांच्या लालीच्या नळ्या आणि नखांच्या रंगाच्या बाटल्या यांची केवढी गर्दी असते! नाट्यव्यवसायात ज्या सामानाला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, त्यात या वस्तूंचे स्थान तलवार, पत्र आणि पिस्तूल यांच्या खालोखाल लागेल. बहुतेक प्रेक्षकांची नजर त्यांवरून घसरून नटीच्या मुखाकडे जाते. परंतु काही चोखंदळ प्रेक्षक असे असतात, की ते आरशासमोरील मेजावरची कुपी तिच्या बुचावरून ओळखतात आणि ती अमुक घराण्याची, अमुक साली निघालेली, असे शेजाऱ्याच्या कानात सांगतात. हा छंद वरवर पाहता रिकामपणाचा वाटेल. वस्तुतः त्यात एक उपयुक्त विद्या दडलेली आहे. पडद्यावरील कुपी कधी पात्राविषयी साक्ष देण्यास आलेली असते, तर कधी माल खपविण्यास. या दोहोंतील भेद ज्याला कळतो, त्याला चित्रपट अधिक चांगला कळतो, आणि बाजारात गेल्यावर आपली निवड खरोखर आपली आहे की नाही, हेही तो ताडू शकतो.

ओळखण्याची कला प्रथम पाहू. अत्तराचा वास दाखविता येत नाही, म्हणून कुपीचा आकार हाच त्याचा चेहरा होतो. १९२१ साली पॅरिसमध्ये निघालेल्या ‘शानेल नंबर ५’ची कुपी चौकोनी आणि निरलंकृत आहे, एखाद्या औषधालयात शोभावी इतकी साधी. गेर्लां या घराण्याचे ‘शालिमार’ १९२५ सालचे. त्याचे नाव मोगलांच्या शालिमार बागेवरून घेतलेले, आणि कुपीचे निळे बूच पंख्यासारखे पसरलेले. नीना रिची या संस्थेचे ‘लेर द्यू तां’ १९४८ साली बाजारात आले. पण त्याची जी कुपी जगभर प्रसिद्ध झाली, जिच्या बुचावर दोन पारवे एकमेकांना बिलगून बसलेले आहेत, ती मार्क लालीक यांनी १९५१ साली घडविली. हे सन ध्यानात ठेवणाऱ्याला एक मौज अनुभवता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीतील कथा सांगणाऱ्या चित्रपटात नायिकेच्या मेजावर ते दोन पारवे दिसले, की सामान मांडणाऱ्याने इतिहासाचे पान उलटून पाहिलेले नाही, हे तत्काळ समजावे.

कधी हा प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे. एल्सा स्किआपारेली या पॅरिसमधील वेशरचनाकार बाईंनी मे वेस्ट या अमेरिकन नटीसाठी ‘एव्हरी डेज अ हॉलिडे’ या चित्रपटाची वस्त्रे बेतली. त्यासाठी नटीच्या बांध्याचा साचा पॅरिसला धाडण्यात आला होता. त्याच साच्यावरून चित्रकर्त्री लेओनोर फिनी यांनी स्किआपारेलींच्या ‘शॉकिंग’ नामक अत्तराची स्त्रीदेहाकृती कुपी रचली आणि ते अत्तर १९३७ साली विक्रीस आले. येथे कुपी पडद्यावर गेली नाही. पडद्यावरील नटीच कुपीत उतरली!

परंतु केवळ ओळखणे हे काम कारकुनाचे झाले. रसिकाचा खरा प्रश्न असा, की ती कुपी तेथे का आहे? १९४४ सालचा ओटो प्रेमिंजर यांचा ‘लॉरा’ हा चित्रपट घ्या. लॉरा नावाच्या तरुणीचा खून झाला आहे अशा समजुतीने एक पोलीस अधिकारी रात्री तिच्या घरी एकटाच येतो. भिंतीवर तिची तसबीर आहे. तो तिच्या शयनगृहात शिरतो, खण उघडतो, रुमाल हाती घेतो, आणि मेजावरील अत्तराच्या कुपीचे बूच काढून हुंगतो. तपासाच्या कामात याची आवश्यकता नाही. तो क्षण पाहताच प्रेक्षकाला कळते, की हा कठोर माणूस एका मृत स्त्रीच्या प्रेमात पडू लागला आहे. जी गोष्ट कबूल करण्यास त्याची जीभ धजावणार नाही, ती एका काचेच्या बुचाने सांगितली. त्या अत्तराचे नाव काय, हा प्रश्न येथे गौण ठरतो.

त्याच वर्षीच्या बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’ या चित्रपटात तर कुपी दाखविण्याचीही गरज पडलेली नाही. विमा कंपनीचा एक विक्रेता एका श्रीमंत माणसाच्या पत्नीच्या मोहात सापडतो आणि दोघे मिळून तिच्या पतीच्या खुनाचा बेत रचतात. आलिंगनाच्या प्रसंगी तो तिच्या केसांना येणाऱ्या सुगंधाची चौकशी करतो, आणि आपण तो मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे विकत घेतल्याचे ती सांगते. सरहद्दीपलीकडच्या एका बंदराचे नाव संभाषणात आले, आणि त्याबरोबर घराच्या चार भिंतींबाहेर भटकणारे तिचे मनही सूचित झाले. तिच्या घराभोवतीच्या रस्त्यावर मधुमालतीसारख्या फुलांचा दाट वास पसरलेला होता, अशीही आठवण तो विक्रेता पुढे सांगतो. गोड वासाची आणि खुनाची अशी जोडी जमली, की प्रेक्षकाच्या मनात ती दीर्घकाळ राहते.

गंधाची जी गोष्ट, तीच एके काळी रंगाचीही होती. १९३९ साली जॉर्ज क्यूकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द विमेन’ या चित्रपटात एकही पुरुष पात्र पडद्यावर येत नाही. कथेचा आरंभ श्रीमंत स्त्रियांच्या एका सौंदर्यगृहात होतो. तेथे नखे रंगविणारी बाई ‘जंगल रेड’ नावाचा नवा लाल रंग लावता लावता गिऱ्हाइकांना शहरातील कुजबुज पुरविते. अमुक गृहस्थ एका दुकानातील सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या मुलीच्या नादी लागला आहे, ही वार्ता तिच्याच तोंडून एका मैत्रिणीला कळते. ती मैत्रीण मोठ्या साळसूदपणे त्या गृहस्थाच्या पत्नीला त्याच बाईकडे नखे रंगविण्यास पाठविते, आणि त्या बिचारीला स्वतःच्या संसाराची शोकवार्ता हात पुढे केलेल्या स्थितीत ऐकावी लागते. चित्रपटाच्या अखेरीस हीच सोशिक पत्नी झगडण्यास उभी राहते, तेव्हा ती आपली नखे दाखविते. त्यांवर तोच लाल रंग असतो.

नखांचा रंग येथे नटवेपणासाठी आलेला नाही. कथेला गती देणारे चाकच ते आहे. सुगंधी द्रव्यांचे दुकानही असेच अर्थपूर्ण आहे. श्रीमंत बायका जेथे विकत घेण्यासाठी येतात, तेथे एक गरीब मुलगी दिवसभर उभी राहून विकते. तिच्या महत्त्वाकांक्षेचे मूळ कोठे आहे, हे त्या दुकानाने न बोलता सांगितले. सर्वांत मौजेची गोष्ट पुढेच आहे. वस्त्रांच्या प्रदर्शनाचा एक रंगीत भाग वगळता हा सारा चित्रपट काळ्या-पांढऱ्या छटांत आहे. ज्या लाल रंगावर कथा उभी आहे, तो लाल रंग कोणाही प्रेक्षकाने पडद्यावर लाल पाहिलेला नाही! केवळ नाव ऐकून प्रत्येकाने तो आपल्या मनाने रंगविला.

महाराष्ट्रीय रसिकाला या ठिकाणी प्रभात कंपनीच्या ‘कुंकू’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा बोलपट १९३७ साली, म्हणजे ‘द विमेन’च्या दोन वर्षे आधी, तयार केला. वृद्ध विधुराशी फसवणुकीने विवाह लावून दिलेली तरुणी त्या विवाहाला मान्यता देण्याचे नाकारते, ही त्याची कथा. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या त्यातील भूमिका गाजल्या. येथे साधन कोणते? कोणत्याही कारखानदाराचे नाव न मिरविणारे, घरोघरच्या करंड्यातील चिमूटभर कुंकू. त्याला किंमत पैशाची नव्हे, तर रूढीची. तेही काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल दिसले नाही. तथापि प्रत्येक प्रेक्षकाने ते लालच पाहिले, कारण त्या रंगाचा अर्थ तो घरून बरोबर घेऊन आला होता.

या दोन उदाहरणांवरून मुद्दा स्पष्ट होतो. चित्रपटाने वस्तू दाखवावी. तिचा गंध, रंग आणि अर्थ मात्र प्रेक्षकाने आपल्या पदरचा घालावा, असा हा व्यवहार आहे. प्रेक्षकाचा अनुभव जितका संपन्न, तितकी ती कुपी बोलकी. रंगीत चित्रपट आल्यानंतरही हा व्यवहार संपला नाही. १९६१ सालच्या ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ या चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांनी रंगविलेली नायिका अत्तर आणि ओठांची लाली घरातील मेजावर न ठेवता जिन्याजवळच्या टपालाच्या पेटीत ठेवते, आणि बाहेर पडता पडता तेथेच साजशृंगार उरकते. जिचे घर अजून घर झालेले नाही आणि जिची शोभा केवळ जगासाठी आहे, अशा मुलीचे याहून नेमके वर्णन संवादांनी करता आले नसते. अखेरीस भाड्याच्या मोटारीत नियोजित वराचे नकाराचे पत्र हाती येते, तेव्हा ते ऐकण्यापूर्वी ती ओठांना लाली लावून घेते. तेथे ती लाली म्हणजे चिलखत होते.

हे चिलखत उतरतानाचे दृश्य १९८८ सालच्या ‘डेंजरस लिएझन्स’मध्ये आहे. अठराव्या शतकातील फ्रान्समधील एक कारस्थानी उमरावपत्नी चित्रपटाच्या आरंभी दासींकडून नटून घेते. तिची कृत्ये उघडकीस येऊन नाट्यगृहात तिची छी-थू झाल्यावर, शेवटी ती आरशासमोर एकटी बसून मुखावरील रंग पुसून टाकते. ग्लेन क्लोज या अभिनेत्रीने ते पुसणे असे केले आहे, की शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाची उणीव भासत नाही.

कधी कधी पात्रांच्या मुखी सुगंधी द्रव्यांची खरीखुरी नावे येतात. १९९१ सालच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ या चित्रपटात काचेपलीकडे बंदिस्त असलेला नरभक्षक डॉक्टर आपल्या भेटीस आलेल्या तरुण शिकाऊ अधिकारी स्त्रीचा वास घेतो आणि सांगतो, की ती एव्हियन कंपनीचे मलम वापरते आणि एरवी ‘लेर द्यू तां’ लावते, परंतु आज तिने ते लावलेले नाही. विचार केल्यास हा प्रसंग विलक्षण आहे. ज्या अत्तराचे नाव घेतले, ते पडद्यावर नाही, चित्रपटगृहात नाही, आणि कथेतील त्या खोलीतही नाही. तरीही त्या एका उल्लेखाने मुलीचे खाजगी जीवन त्या माणसासमोर उघडे पडते आणि प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. नरभक्षकाच्या तोंडून आपल्या मालाची शिफारस व्हावी, अशी इच्छा कोणता व्यापारी करील? तेव्हा ही कुपी निश्चितपणे साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील आहे.

पुढच्याच वर्षी, १९९२ साली, ‘सेन्ट ऑफ अ वुमन’ हा चित्रपट आला. त्यात अल पचीनो यांनी अंध निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची भूमिका केली आणि तीबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा अधिकारी विमानातील परिचारिकेचे फ्लोरिस, दुसऱ्या एका तरुणीचा साबण आणि अखेरीस एका शिक्षिकेचे ‘फ्लर द रोकाय’ हे कारोन घराण्याचे १९३४ सालचे अत्तर केवळ घ्राणेंद्रियाने ओळखतो. डोळस प्रेक्षकाला वास येत नाही, आणि अंध पात्राला वासावाचून दुसरा मार्ग नाही. या विरोधातच त्या पात्राचे एकाकीपण दिसून येते.

आता नाण्याची दुसरी बाजू. चित्रपट आणि प्रसाधनांचा व्यापार यांची सोयरीक जुनी आहे. पोलंडमधून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले मॅक्स फॅक्टर हे प्रथम नटनट्यांचे रंगभूषाकार होते. रंगीत चित्रणाच्या प्रखर प्रकाशात जुना रंग तेलकट आणि विचित्र दिसे. म्हणून त्यांच्या कारखान्याने वडीच्या स्वरूपातील ‘पॅनकेक’ हा रंग सिद्ध केला. ‘व्होग्ज ऑफ १९३८’ या १९३७ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात तो वापरला गेला, आणि लगोलग सामान्य स्त्रियांसाठीही बाजारात आला. कॅमेऱ्याची अडचण दूर करण्यासाठी जन्मलेली वस्तू, जिच्यासमोर कधीही कॅमेरा येणार नाही अशा गृहिणीच्या मेजावर जाऊन बसली.

लक्स साबणाची कथा याहून बोधप्रद आहे. दर दहा तारकांपैकी नऊ तारका हाच साबण वापरतात, अशी त्याची अमेरिकेतील जाहिरात होती. १९३४ पासून १९५५ पर्यंत या साबणाच्या नावाने तेथे एक नभोनाट्यमाला चालली, आणि तीत गाजलेल्या चित्रपटांची श्राव्य रूपांतरे सादर होत. ज्या माध्यमात रूपही नाही आणि गंधही नाही, त्याने वीस वर्षांहून अधिक काळ साबण विकला! हिंदुस्थानात या साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी म्हणजे लीला चिटणीस, साल १९४१. मराठी रंगभूमीवरून आलेल्या या पदवीधर अभिनेत्रीचा ‘कंगन’ १९३९ साली लोकप्रिय झालेला होता. त्यांचे पडद्यावरील तेज हे अभिनयाचे, प्रकाशयोजनेचे आणि रंगभूषाकाराच्या हाताचे मिळून होते. साबणाच्या वडीचा त्यात वाटा असलाच, तर तो चेहरा धुण्यापुरता. परंतु जाहिरातीने ते सारे श्रेय वडीच्या पदरात टाकले, आणि अगणित घरांतील मुलींनी आरशात पाहून आपल्या रूपात काय उणे आहे, याचा हिशेब मांडण्यास प्रारंभ केला.

येथे हा विषय करमणुकीच्या पलीकडे जातो. आपल्याला एखादी वस्तू हवीशी वाटते, तेव्हा ती इच्छा आपल्या अनुभवातून उगवली की अंधारात बसलेल्या मनात कोणी पेरली, हे प्रत्येक कुटुंबाला कळले पाहिजे. प्रेक्षक चित्रपटगृहात आपला संशय दाराबाहेर ठेवून येतो, आणि त्याने तसे यावे हेच योग्य. परंतु त्याच विश्वासाचा लाभ कलावंत घेतो आणि दुकानदारही घेतो.

दोघांतील फरक ओळखण्यास तीन साध्या कसोट्या पुरतात. पहिली : कुपीचे तोंड कोणाकडे आहे? मेजावर बसलेल्या स्त्रीला वाचता यावे असे तिचे नाव वळलेले असेल, तर ती त्या स्त्रीची. तिच्याकडे पाठ फिरवून ते नाव प्रेक्षकाकडे टक लावून पाहत असेल, तर ती व्यापाऱ्याची. म्हणूनच अनेक निर्माते भानगड नको म्हणून नावावर पट्टी चिकटवितात, किंवा कल्पित नावाची कुपी बनवून घेतात. दुसरी : तिला कोणी हात लावतो काय? ‘लॉरा’मधील कुपीचे बूच निघते, नुसत्या विक्रीस आलेल्या कुपीवर प्रकाशझोत पडतो, पण बूच निघत नाही. तिसरी आणि मुख्य : ती तेथून उचलली, तर कथेचे काय बिघडेल? कुंकवावाचून ‘कुंकू’ उरत नाही, आणि टपालपेटीतील लालीवाचून त्या नायिकेचे चित्र अपुरे राहते. जी वस्तू उचलून नेली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही, ती बहुधा भाडे भरून तेथे राहिलेली असते.

अर्थात या कसोट्या काटेकोर तराजूसारख्या नाहीत. पैसे घेऊन ठेवलेली वस्तूही चतुर दिग्दर्शकाच्या हाती पात्राचे अंग बनू शकते; आणि केवळ कथेसाठी आलेली वस्तूही प्रेक्षकाला दुकानाची वाट दाखवू शकते. प्रश्न विचारण्याची सवय लागली, म्हणजे पुरे.

चित्रपटात खराच वास आणला, तर हा सारा घोळ मिटेल, असे वाटणारेही लोक होते. १९५९ साली चीनविषयीच्या ‘बिहाइंड द ग्रेट वॉल’ या माहितीपटाच्या वेळी वातानुकूलन यंत्रातून चित्रपटगृहात निरनिराळे वास सोडण्यात आले. १९६० साली माइक टॉड (धाकटे) यांनी ‘सेन्ट ऑफ मिस्टरी’ या चित्रपटासाठी हान्स लाउबे यांनी शोधलेली योजना वापरली. तीत प्रत्येक आसनापर्यंत नळ्या नेलेल्या होत्या. रहस्यमय स्त्री तिच्या अत्तरावरून आणि मारेकरी त्याच्या तंबाखूच्या वासावरून प्रेक्षकाने ओळखावा, असा बेत होता. प्रत्यक्षात वास उशिरा पोहोचू लागले, नळ्यांचा फुसफुस आवाज होऊ लागला, आणि प्रयोग लवकरच बंद पडला. १९८१ साली जॉन वॉटर्स यांनी ‘पॉलिएस्टर’ या विनोदी चित्रपटाबरोबर खरवडून हुंगण्याची पत्रके वाटली, ती अर्ध्याअधिक थट्टेनेच.

हे प्रयोग फसले ते केवळ यंत्रातील दोषामुळे नव्हे. नळीतून आलेला वास सर्वांना एकच असतो. ‘लॉरा’मधील अधिकारी बूच काढून हुंगतो, तेव्हा मात्र प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा वास येतो : कोणाला आईच्या पेटीतील हिन्याचा, कोणाला लग्नघरातील गुलाबपाण्याचा, कोणाला कधीकाळी जवळून गेलेल्या एखाद्या व्यक्तीचा. ही साठवण प्रेक्षकाची स्वतःची आहे. चित्रपटाने ती जागवावी, यात आनंद आहे. दुकानदाराने तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी डकवावी, यात मात्र सावध राहिले पाहिजे. पुढच्या वेळी पडद्यावर आरशाचे मेज दिसले, म्हणजे नटीच्या मुखावरून क्षणभर दृष्टी काढून मेजावरील कुपीकडे पाहावे, आणि तिचे नाव कोणाकडे वळले आहे, तेवढे ध्यानात घ्यावे.